शिरीनबाईंचा गुलाब

चिंचवडला जागा मिळाली तेव्हा अण्णांनी आईला पत्रात कळवलं की आपल्याला बंगल्यात राहायचं आहे. ते खोटं नव्हतं, फक्त थोडं मागेपुढे होतं. बंगला होता. त्याला व्हरांडा होता, दारात पामच्या कुंड्या होत्या, रंगीत काचांची एक खिडकीही होती. आणि या सगळ्याला वळसा घालून मागे गेलं की विहिरीजवळ, मोडकं सामान ठेवण्यासाठी बांधलेल्या ज्या दोन खोल्या होत्या, त्या आमच्या. आईनं साताऱ्याहून निघताना बहिणीला बंगल्याचं साग्रसंगीत वर्णन करून ठेवलेलं असल्यामुळे पुढे कितीतरी वर्षं तिनं माहेरच्या कुणाला चिंचवडला बोलावलं नाही.

महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं. पिंपरीच्या बाजूला बाजरीच्या रानात एकेक कारखाना उभा राहत होता आणि त्यातल्या एकात अण्णा स्टोअरकीपर होते. सकाळचा भोंगा झाला की ते सायकलवर टांग मारत, आणि संध्याकाळच्या भोंग्यावर आई भाताचं आधण ठेवी. मधल्या वेळात मालगाड्या जात, तेव्हा आमच्या मांडणीवरची ताटं एकमेकांना लागून बारीक वाजत राहत. आई म्हणे, कुणीतरी सतत जेवायला बसतंय असं वाटतं. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. घरी बसणं हा त्या वेळचा शब्द. प्रत्यक्षात विहिरीचं पाणी, दळण, धुणं आणि भाकरी यांमुळे मला दिवसभरात बसायला फारसं मिळत नसे. आठवड्यातून दोनदा मात्र मी सकाळच्या गाडीनं पुण्याला ड्रॉइंगच्या वर्गाला जाई. अण्णांनी याला हौसेनं परवानगी दिली होती, कारण स्थळ बघताना ‘मुलगी चित्रं काढते’ हे वाक्य बरं दिसतं असं त्यांचं मत होतं.

बंगल्यात शिरीनबाई एकट्या राहत. उंच, ताठ, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेल्या, हातात काठी. काठी चालायला कमी आणि वस्तू दाखवायला जास्त वापरत. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. लहानपण खडकीला गेल्यामुळे त्यांचं मराठी इतकं साफ होतं की आईला त्यांच्यापुढे आपलीच भाषा गावठी वाटे. रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरातून धनसाकचा वास सुटे आणि थेट आमच्या पिठल्यावर येऊन बसे. सणासुदीला त्या आमच्याकडे एका काचेच्या भांड्यातून अंड्याचं कस्टर्ड पाठवत. अंडं आमच्या घरात चालत नव्हतं. पण आईनं पहिल्याच वर्षी त्याला ‘पारशी खरवस’ असं नाव दिल्यामुळे हा प्रश्न कायमचा मिटला.

आता चित्राकडे येते. शिरीनबाईंच्या दिवाणखान्यात, जेवणाच्या मोठ्या टेबलामागच्या भिंतीवर एक तैलचित्र होतं. दोन हात रुंद, अडीच हात उंच, सोनेरी चौकटीतलं. दगडी कठड्यावर ठेवलेली एक सुरई आणि तिच्यातून ओसंडणारी फुलं. कोबीच्या गड्ड्याएवढं एक पांढरं फूल, खसखशीची तांबडी फुलं, खाली लोंबणारी एक वेल, द्राक्षाचा घोस, आणि सगळ्यांच्या मधोमध एक लाल गुलाब. चित्राच्या मागे एक चिठ्ठी चिकटवलेली होती, फ्रेंच असावी. कसरीनं खाऊन उरलेल्या तिच्यात ‘अठराशे’ एवढंच वर्ष शिल्लक होतं, पुढचे दोन आकडे किडीच्या पोटात गेले होते. सगळ्या चित्रावर मधासारखा पिवळा थर चढला होता आणि त्यातून तो गुलाब मात्र डोळ्यांत भरेल असा लाल दिसे.

आमच्या वर्गाचे कानडे मास्तर युरोपातल्या जुन्या पुष्पचित्रांचे मोठे भक्त होते. त्यांच्याजवळ एक जाड वही होती आणि तिच्यात ‘त्या लोकांची’ सगळी रीत उतरवलेली होती. मास्तर सांगत की तो माणूस फूल एकदम रंगवत नसे. आधी कॅनव्हासवर तांबूस करडा हात. मग फूल नुसतं पांढऱ्या-करड्यात, जणू मातीचं करून वाळत ठेवलंय असं. ते पक्कं वाळलं की त्यावर तेलात कालवलेल्या पारदर्शक रंगाचे पातळ हात, एकावर एक, प्रत्येक हात आधीचा वाळल्यावर. रंगीत काचेतून पांढरी भिंत बघावी तसा उजेड त्या थरांतून आत शिरतो, खालच्या पांढऱ्यावर आपटतो आणि रंग घेऊन बाहेर येतो. याला मास्तर झिलई म्हणत. मी त्यांना शिरीनबाईंच्या गुलाबाचं वर्णन केलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून ते ऐकलं आणि म्हणाले, “सात हात असणार. त्याशिवाय तसा लाल येत नाही.” मास्तरांनी आयुष्यात एकही जुनं तैलचित्र जवळून पाहिलेलं नव्हतं आणि ती वही त्यांनी त्यांच्या मास्तरांच्या वहीवरून उतरवली होती, हे मला खूप उशिरा कळलं. त्या वेळी मात्र सात म्हटल्यावर मला सातही दिसू लागले. काही ना काही निमित्तानं मी बंगल्यात जाई आणि गुलाबाकडे तोंड करून थर मोजत उभी राही.

तिथे मला एक विरोधक भेटला. शिरीनबाईंचा माळी सावळा. तो मारुंजीहून रोज चालत येई आणि सकाळी फुलदाणीत ताजी फुलं ठेवायला दिवाणखान्यात शिरे. एकदा मी त्याला चित्राचं मोठेपण समजावून सांगत होते. तो पाटी खाली ठेवून बराच वेळ बघत राहिला.

“ताई, ह्यो माणूस खोटारडा हाय,” तो म्हणाला.

“का रे?”

“द्राक्षं उन्हाळ्याची. खसखस थंडीची. गुलाब एवढा फुललाय म्हंजी छाटणीला दोन महिनं झालं. अन् ही येल तर पावसाळ्याबिगर फुलत न्हाई. एका टायमाला एका भांड्यात कशी गोळा केली ह्यानं?”

मी त्याला ऐटीत सांगितलं की हे चित्रकार वर्षभर एकेका फुलाचा अभ्यास करून ठेवत आणि मग सगळी मिळून एक चित्र करत. सावळानं विचार केला. “मंग तसं खाली लिवाया पायजे व्हतं,” म्हणाला आणि पाटी उचलून गेला. वय वाढलं तशी मी सावळाच्या बाजूला सरकत गेले आहे, पण तेव्हा मला त्याची कीव आली होती.

त्याच सुमाराला शिरीनबाईंचा भाचा फिरोज मुंबईहून आला. त्याला मोटार घ्यायची होती आणि चिंचवडला आलं की ती ठेवायला जागा हवी होती. एका दुपारी तो टेप घेऊन आमच्या खोल्यांत आला, आईच्या चुलीपासून दारापर्यंत माप घेतलं, दाराचं माप घेतलं, आईला नमस्कार केला आणि काही न बोलता गेला. त्या दिवसापासून अण्णांचं जेवण निम्म्यावर आलं. पिंपरी-चिंचवडला तेव्हा कारखान्यांत माणसं येत होती पण त्यांना राहायला खोल्या नव्हत्या. लोक गोठ्यांत राहत होते. अण्णांचा एक सिद्धांत होता की उपयोगी माणसाला कुणी घराबाहेर काढत नाही. ते आठवडाभर उपयोगी पडण्याची संधी शोधत होते. ती मिळाली. शिरीनबाई आजारी बहिणीला भेटायला तीन आठवडे नवसारीला निघाल्या होत्या, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी चित्राकडे बघून म्हणाल्या की हे किती मळलंय.

“आमची विमल करील की साफ,” अण्णा म्हणाले. “ती शिकतेय ना तेच.”

शिरीनबाईंनी मला जवळ बोलावलं आणि काठीनं चित्र दाखवलं. “डिकरी, फक्त धूळ पूस. कोरड्या, मऊ फडक्यानं. पाणी नाही, साबण नाही, डोकं नाही.”

मी मान डोलावली. त्यातलं पाणी आणि साबण मी शेवटपर्यंत वापरला नाही, हे इथे नमूद करते.

बंगला बंद राहणार म्हणून चित्र आमच्या खोलीत आलं. अण्णा आणि सावळा यांनी ते गोधडीत गुंडाळून आणलं आणि ट्रंकेवर भिंतीला टेकवून ठेवलं. आमच्या खोलीत ते इतकं मोठं दिसे की आपणच त्याच्या घरी राहायला आलोय असं वाटे. चौकटीच्या चारी कोपऱ्यांत प्लॅस्टरची उघडीनागडी सोनेरी बाळं होती. आईनं पहिल्याच दिवशी त्यातल्या वरच्या दोघांवर रुमाल टाकले. फोडणीच्या वेळी ती हाक मारी, “विमे, फुलं फिरव,” की मी चित्राचं तोंड भिंतीकडे करी, आणि जेवणं आटोपली की परत आमच्याकडे.

दोन दिवस मी कोरड्या फडक्यानं धूळ पुसली. तिसऱ्या दिवशी पुसायला धूळ उरली नाही आणि माझ्या हाताशी तीन आठवडे होते. मास्तरांच्या वहीत जुनं चित्र उजळायची रीतही होती: कच्च्या बटाट्याची चकती हलके फिरवायची आणि लगेच कापसानं टिपायचं. मी एका कोपऱ्यात करून पाहिलं. चकती चहासारखी काळी झाली आणि खाली एक सुरवंट निघाला. हिरवा, केसाळ, एका पानाच्या कडेवर चढणारा. गेल्या कित्येक वर्षांत तो कुणी पाहिला नसेल. ज्यानं कधी असं काही उघडलेलं नाही त्याला मी ती धुंदी सांगू शकणार नाही. मी आणखी दोन बटाटे चिरले.

“भाजीचे होते ते,” आई म्हणाली.

“दोनच घेतले.”

“मग आज सुरवंटाची भाजी करते.” आणि तिनं पुन्हा पिठलं केलं.

पाच-सहा दिवसांत अर्धी पाटी बटाटे संपले आणि चित्र उघडत गेलं. खाली लोंबणाऱ्या वेलीची फुलं काळी नव्हती, निळी होती. पांढऱ्या फुलाच्या पाकळीवर दवाचा थेंब होता. तो मी तासन्तास पाहिला. थेंब रंगवलेलाच नव्हता. उजेडाकडच्या बाजूला किंचित गडद, अंधाराकडच्या बाजूला किंचित उजळ, आणि पांढऱ्याचा एक जाड ठिपका. म्हणजे आपल्या समजुतीच्या बरोबर उलट, आणि तरी पाणी. पानं मात्र निळसर निघाली. हिरवं करायला निळ्यावर दिलेली पिवळी झिलई काळाबरोबर उडून गेली असणार, हे मी आईला समजावून सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. “फ्रान्सात असतील निळी,” ती म्हणाली.

पण मधासारखा तो पिवळा थर बटाट्याला दाद देईना. ते वार्निश होतं. मी अण्णांना म्हटलं, डाग काढायला थोडं स्पिरिट हवं. उपयोगी पडण्याच्या भरात असलेले अण्णा दुसऱ्या दिवशी औषधाच्या बाटलीत स्पिरिट घेऊन आले. काडीला कापूस गुंडाळायचा, स्पिरिटमध्ये बुडवायचा, गोल गोल फिरवायचा. पिवळं निघून येई आणि मागे उरे ते इतकं थंड आणि स्वच्छ असे की खोलीत खिडकी काढल्यासारखं वाटे. द्राक्षांवरची भुकटी दिसली. कठड्याच्या दगडातली चीर दिसली. गुलाब मी शेवटी ठेवला, ताटातला गोड पदार्थ ठेवतात तसा.

गुलाबावर कापूस फिरवला आणि कापूसच लाल झाला.

मी थांबायला हवं होतं. मी थांबलेही, पण तोवर वरच्या चार पाकळ्या गेल्या होत्या. खाली एक फिका, जवळजवळ पांढरा, किंचित गुलाबी गुलाब होता. अर्धा लाल आणि अर्धा फिका असा गुलाब ठेवणं अशक्य होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं, आणि उरलेला लालही काढून टाकला. खरं कारण असं होतं की हात थांबत नव्हता. सात हातांची झिलई मी एका दुपारी पुसून टाकली आणि ताटलीत तांबड्या कापसाचा ढीग झाला.

आई विहिरीवरून आली आणि ढीग बघून तिनं कळशी तशीच खाली ठेवली. “कुठे कापलं?”

“मला नाही. गुलाबाला.”

तिनं चित्र पाहिलं. मग भिंतीला टेकून बसली. बोलली ती एकच गोष्ट. “अण्णांना सांगू नको. त्यांना सांगितलं तर ते खरं बोलतील.”

तिनं तो कापूस शेगडीत टाकला. स्पिरिटमुळे शेगडी एकदम भडकली आणि तिच्या पदराचं टोक जळालं. संध्याकाळी अण्णांनी विचारलं तेव्हा तिनं दूध उतू गेल्याची एक लांब गोष्ट सांगितली. आईला गोष्ट रचताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि तिचा हात किती बसलेला आहे हे बघून मला धक्का बसला.

वर्गाच्या दिवशी मी मास्तरांना आडून विचारलं की समजा, एखाद्या जुन्या चित्राची झिलई स्पिरिटनं निघाली तर ती परत कशी द्यायची. मास्तर हसले. “निघणारच नाही. जुन्या माणसाची झिलई खालच्या रंगात मुरलेली असते, आणि वार्निश तिच्याही वर. वार्निशाबरोबर जो रंग निघून येतो तो त्या माणसाचा नव्हेच.” मास्तरांनी मला दोन वर्षांत जे काही सांगितलं त्यातली ही एकच गोष्ट पूर्ण बरोबर होती, आणि तेवढीच मी मनावर घेतली नाही. मला वाटलं, त्यांना हातची कामं कुठे माहीत आहेत. मी पुण्यात किरमिजी रंगाची नळी घेतली आणि दुपारच्या गाडीनं परत आले.

शिरीनबाई यायला बारा दिवस होते. जवसाच्या तेलात रंग कालवून मी पहिला हात दिला, बोटाच्या टोकानं पसरला आणि चित्र दारात वाऱ्याला ठेवलं. अण्णा यायच्या आत मात्र ते रोज भिंतीकडे वळवून ठेवी. त्यात एक मुंगी अडकली. ती सुईनं काढली. सावळाकडून रोज एक लाल गुलाब मागून घेई. तो विचारी कशाला, मी सांगे देवाला, आणि खरोखरच नंतर तो देवाला वाही, म्हणजे त्यातल्या त्यात खोटं कमी. तेल लवकर वाळेना. सात हातांचे मी चार केले. चौथ्यानंतर माझ्यापुढे नवीनच अडचण उभी राहिली: माझा लाल जास्त चांगला झाला होता. खोल, आतून पेटल्यासारखा. मला आठवत होता तो लाल याहून जाड आणि आंधळा होता. मोठ्या चित्रकाराचा हात असा कसा, याचं कोडं मला पडलं, आणि शेवटी मी ते त्याच्या मोठेपणावर सोडून दिलं. देवघरातला चिमूटभर शेंदूर घेऊन, तेलात खलून, मी माझा लाल जरा मळवला. तेव्हा कुठे तो जमला. आई मागे उभी होती. “झाला तसाच,” ती म्हणाली, आणि देवाला हात जोडले. शेंदूर त्याचाच होता.

शिरीनबाई सकाळच्या गाडीनं आल्या. चित्र आधीच भिंतीवर लागलं होतं. अण्णांनी त्या दिवशी उशिरा जायची परवानगी काढली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी चित्राखाली उभं राहून एक छोटं भाषण केलं, त्यात माझ्या मेहनतीचा उल्लेख होता, बटाट्यांचा होता, आणि आम्ही या वास्तूला आपलंच समजतो असंही एक वाक्य होतं. सावळा दारातून डोकावून “बेस झालंय” म्हणाला. शिरीनबाई टेबलाला हात टेकून बघत होत्या. सुरवंट पाहिला, निळी फुलं पाहिली. मग गुलाबाकडे पाहिलं, आणि पाहतच राहिल्या.

“फुलं स्वच्छ झाली,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, “उद्या चहाच्या वेळी विमलला पाठवा. रंग घेऊन.”

अण्णा घरी येताना हवेत चालत होते. त्यांचा समज झाला की बाई माझ्याकडून स्वतःची तसबीर काढून घेणार. आईनं त्या दिवशी भाताचं आधण ठेवलं आणि त्यात तांदूळ टाकायला विसरली.

आमच्या खोल्यांचं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाला उगाच घोर नको. फिरोजची मोटार आमच्या दारातून आत जाणारच नव्हती. दार वीतभर अरुंद होतं, आणि हे त्याच्या टेपनं त्याला त्या पहिल्याच दुपारी सांगितलं होतं. त्यानं ते आम्हाला सांगितलं नाही, इतकंच. त्याला सांगायचं सुचलंही नसेल. आम्ही तिथे आणखी बरीच वर्षं राहिलो. म्हणजे मी ते चित्र साफ केलं नसतं, अण्णांनी शब्द टाकला नसता, कुणीच काही केलं नसतं, तरी आमच्या राहण्यात काही फरक पडला नसता.

दुसऱ्या दिवशी मी रंगांची पेटी घेऊन गेले. शिरीनबाईंनी टेबलावर पुदिना आणि गवती चहा घातलेला चहा मांडला होता, नानखटाई होती. चित्र भिंतीवरून उतरवून खुर्चीवर उभं केलेलं होतं. मी न विचारताच सगळं सांगितलं. बटाटे, स्पिरिट, कापूस, नळी, शेंदूर. आईचं नाव तेवढं वगळलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

“तुला हा कुणाचा लाल वाटला?” त्यांनी विचारलं.

“फ्रेंच चित्रकाराचा. सात हातांची झिलई.”

शिरीनबाई हसल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, मी पाणी दिलं, तरी हसू थांबेना. “तो माझ्या नौशीरचा लाल होता, डिकरी. बग्गीच्या चाकांचा.”

मला काही समजेना. त्यांनी डोळे पुसले.

“खडकीला एका गोऱ्या अधिकाऱ्याचं सामान लिलावात निघालं होतं, तिथून त्यानं हे आणलं. लग्नाला सहा महिने झाले होते. मी म्हटलं, सगळं छान आहे, पण हा मधला गुलाब आजारी दिसतो. एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून येते, तर हा खुर्चीवर उभा, हातात बग्गीच्या रंगाचा डबा. त्यात वार्निश ओतलेलं. मला म्हणतो, आता बरा झाला. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. नंतर बोलले ते तो जाईपर्यंत, की तू माझं चित्र घालवलंस. जेवायला बसलं की समोर ते. रोज एकदा तरी म्हणायचे.”

त्यांनी काठीचं टोक गुलाबाजवळ नेलं.

“तुझा लाल बरोबर आहे. मी फसले असते. पण तू कड नीट केलीस. नौशीरचा हात थरथरायचा, तो कायम बाहेर जायचा. इथे पाकळीच्या बाहेर, पानावर. काल बघितलं तर कड स्वच्छ.”

ते खरं होतं. मला तो पानावर गेलेला रंग दिसला होता. नंतरच्या कुणा अडाण्याचा गलथानपणा समजून मी तो मुळासकट काढला होता आणि कड केसासारखी बारीक ओढली होती. सगळ्या कामात मला अभिमान वाटत होता तो त्या कडेचा. मी मान खाली घातली आणि माफी मागितली. बहुतेक रडलेही. त्यांनी नानखटाईची बशी माझ्याकडे सरकवली.

“रडून काय होणार? परत कर तसं.”

“कसं?”

“वाईट.”

मी किरमिजी कालवला, शेंदूर घातला, ब्रश घेतला आणि पाकळीच्या बाहेर गेले. ते बघून शिरीनबाईंनी मान हलवली. मी पुसलं. दुसऱ्यांदा हात मुद्दाम हलवला, तर ती लाट वाऱ्यानं पाकळी दुमडल्यासारखी सुरेख आली. “छान,” शिरीनबाई निराश होऊन म्हणाल्या. तिसऱ्यांदा डाव्या हातानं केलं. तेही आपोआप सावरलं गेलं. चांगलं काढायला शिकण्यात माझी दोन वर्षं गेली होती, वाईट काढायला मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि ते असं मागून येत नाही. पुढे मी आयुष्यभर शाळेत ड्रॉइंग शिकवलं. एखादी मुलगी कडेच्या बाहेर रंग नेई तेव्हा माझ्या शेजारच्या बाई तिला रागावत. मी तिच्या वहीत जरा जास्त वेळ बघत राही, की हिला हे कसं जमतं.

चौथ्यांदा मी नुसताच रंग पाकळीवर लावला, ओला ठेवला आणि ब्रश खाली ठेवला. मला येत नाही, असं म्हटलं.

शिरीनबाई उठल्या. काठी टेबलाला टेकवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि चित्राच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांचा श्वास त्याच्यावर पडत असेल. मग त्यांनी ओल्या लालावर अंगठा टेकवला आणि तो एका झटक्यात पाकळीच्या बाहेर, निळसर पानावर, ओढला. जाड, वेडावाकडा फराटा उमटला. मागे सरून त्यांनी तो बघितला. अंगठा तसाच वर धरलेला होता, त्यावरून तेल मनगटाकडे ओघळत होतं.

“बघ,” त्या म्हणाल्या, “घालवलंस ना चित्र.”

ते मला म्हटलेलं नव्हतं. मी कपबशा गोळा केल्या आणि आवाज होऊ न देता आत ठेवायला गेले.